बॉनेटवरचा हात

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी मालकाशी चार शब्द बोलतो, मग रंग न्याहाळतो, मग टायरला लाथ मारून पाहतो. का मारतो, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. थंडोबा यातलं काही करत नसत. ते फाटकातून आत आले की थेट गाडीकडे निघायचे. मालकाने पुढे केलेला हात तसाच हवेत राहायचा आणि यांचा उजवा तळवा बॉनेटवर टेकायचा. बोटं नाहीत, नुसता तळवा. मग डोळे मिटायचे. मालक, मालकाची बायको, गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, सगळे तोंडातला शब्द तोंडातच ठेवून उभे. भरलेल्या प्रेक्षागृहात दिवे मालवले की जी शांतता पसरते ना, अगदी तशी. बॉनेट गार निघालं तर थंडोबा डोळे उघडून म्हणायचे, "हं, आता बोला." गरम निघालं तर काही न बोलता आल्या पावली परत.

यामागे चाळीस वर्षांचा अनुभव होता. डिझेलच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवली होती. आजारी डिझेल इंजिन खरं बोलतं ते फक्त एकदा, रात्रभर उभं राहून सकाळी पहिल्यांदा सुरू होताना. तेव्हा ते खोकतं, थरथरतं, पांढरा धूर ओकतं. एकदा तापलं की तेच इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या वांड पोरासारखं शहाणं होऊन बसतं. म्हणून गाडी खपवू पाहणारा चलाख माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी ती फिरवून आणतो. थंडोबांची एकच अट असायची, आणि ती फोनवरच सांगितली जायची: "आम्ही येईपर्यंत गाडीला किल्ली लावायची नाही." यावरूनच वर्कशॉपातल्या टारगट मंडळींनी त्यांना थंडोबा हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला.

आणि अशा थंडोबांच्या पोटी आली घाई. हे नाव तिच्या आईने ठेवलेलं. पोरगी आठव्या महिन्यातच जन्मली, नवव्या महिन्यात चालायला लागली आणि बेचाळीस वर्षांची झाली तरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची. पुढे तिला कामही तसंच मिळालं. लांबच्या प्रयोगशाळेत पहाटे एक औषध तयार व्हायचं. ते टोचून मोठ्या यंत्राखाली पेशंटचं शरीर तपासतात, आत कुठे गाठ आहे का ते बघतात. या औषधाचा स्वभाव विचित्र. ते बाटलीत बसल्या बसल्या मरत असतं. दोन तास होत नाहीत तोच निम्मं संपतं. शिशाच्या जड डब्यात घालून ते दोनशे दहा किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात सव्वादोन तासांत पोहोचवायचं, मधे अख्खा घाट चढायचा, आणि आठच्या आत सही घ्यायची. वाटेत दहा मिनिटं जास्त गेली तर यादीतला शेवटचा पेशंट घरी पाठवायचा. अकरा वर्षं घाईने ही यादी कधी अपुरी पडू दिली नव्हती.

आणि मागच्या आठवड्यात तिची गाडी घाटात मेली. इंजिनातली साखळी तुटली आणि सगळं आतल्या आत भुगा झालं. ती गाडी अकरा महिन्यांपूर्वी थंडोबांनीच पास केली होती. बॉनेट गार होतं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं होतं, आणि "दोन वर्षं बघायला नको" असं ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते. घाई त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं थंडोबांना रोज वाटायचं.

भाड्याच्या छोट्या गाडीने घाई कशीबशी फेऱ्या मारत होती. ती गाडी घाटात धापा टाकायची. गुरुवारी उशीर झालाच. एक म्हातारा तपासणीसाठी रात्रीपासून उपाशी बसला होता, त्याला परत पाठवलं. घाईने त्याला लिफ्टपाशी पाहिलं. त्याची सून त्याला बिस्किट देत होती आणि तो विचारत होता, "मग आता खाल्लं तर चालेल?" हॉस्पिटलच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी मग घाईला स्वच्छ सांगितलं, सोमवारपर्यंत दमदार गाडी दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याकडे.

जाहिरात शुक्रवारी सापडली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल, सोळा वर्षं एकाच मालकाकडे, दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर. हा आकडा वाचून कुणीही पान उलटलं असतं. थंडोबा मात्र खुर्चीत ताठ बसले.

"एवढं अंतर गल्लीबोळात होत नाही," ते म्हणाले. "ही हायवेवर वाढलेली गाडी आहे. लाव फोन. आणि अट सांग."

घाई फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दोन मिनिटांत परत आली. "उद्या अकराला बोलावलंय. बाई आहेत. नवरा गेला सहा महिन्यांपूर्वी, म्हणून विकतायत. बारा वाजता दुसरंही गिऱ्हाईक आहे म्हणे."

"सांगितलंस ना?"

"हो हो."

शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना दोघं त्या घरापाशी उतरली. बुटकं कुंपण, लांबट अंगण, अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड. तिच्या सावलीत ती उभी होती. गडद निळी, लांब नाकाची. सोळा वर्षांची वाटत नव्हती. घाईच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघून गेलं. दारात बाई उभ्या होत्या, पासष्टीच्या, अंगावर इस्त्रीचे कपडे, जणू पाहुणे येणार म्हणून मुद्दाम बदललेले. त्यांनी "या" म्हणायला तोंड उघडलं. थंडोबा त्यांच्या अंगावरून पुढे गेले आणि त्यांनी तळवा बॉनेटवर ठेवला.

डोळे मिटायचीही गरज पडली नाही. बॉनेट चांगलं तापलेलं होतं.

ही गाडी थंडोबांना मनापासून हवी होती. पोरीसाठी तर हवी होतीच, पण आपल्या हातून झालेली चूक याच हाताने पुसायची होती. तो हात त्यांनी खिशात घातला आणि ते फाटकाकडे वळले.

"बाबा!" घाई आडवी आली. "कुठे चाललात?"

"गरम आहे."

"अहो पण—"

"गरम आहे. चल."

"एक मिनिट," मागून बाईंचा आवाज आला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

थंडोबा थांबले. "नाही."

"नाही, आल्या आल्या कपाळाला हात लावून ताप बघितलात आणि पेशंट मेल्यासारखं तोंड करून निघालात, म्हणून विचारलं."

दुसरी वेळ असती तर थंडोबा हसले असते. पण आज डोकं तापलं होतं. "बाई, मी चाळीस वर्षं हेच काम केलंय. गाडी गरम करून का ठेवतात ते मला शिकवू नका. आणि फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, किल्ली लावायची नाही म्हणून."

"मला कुणी असलं काही सांगितलेलं नाही."

"सांगितलं होतं."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" बाई दाराच्या दोन पायऱ्या उतरून खाली आल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली उतरला होता, आणि तो जास्त भीतिदायक होता. "माझ्या अंगणात उभं राहून तुम्ही मला खोटारडी म्हणताय?"

थंडोबांनी घाईकडे बघितलं, साक्षीदाराकडे बघावं तसं. साक्षीदार चपलेच्या टोकाने अंगणातली माती उकरत होता.

"घाई?"

"नाही सांगितलं मी," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, नवरा गेलाय, गाडी त्याची होती. आवाज कापत होता त्यांचा. त्यात मी कुठे सांगणार, हे करायचं नाही न् ते करायचं नाही! म्हटलं, विकणारी बाई आहे, तिला काय सुचतंय गाडी गरम करायचं. आणि फोन ठेवला."

"आणि मला हो म्हणालीस."

"तुम्ही नाही तर आलाच नसतात!"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं, तेवढाच आवाज. थंडोबांचे कान लाल झाले. आजवर किती गाड्यांकडे त्यांनी पाठ फिरवली होती, पण अशी मान कधी खाली गेली नव्हती.

"मीच सुरू केली होती," बाई म्हणाल्या. आता त्या गाडीकडे बघत होत्या. "साडेदहाला. आमच्या ह्यांची पद्धत होती. हे पुलांची तपासणी करायचे. आज इथला पूल, उद्या तिथला, तीन-तीनशे किलोमीटर. पहाटे आधी गाडी सुरू करायची, मग चहा घ्यायचा. कुणाला गाडी द्यायची झाली तर गरम करूनच द्यायची. माणसाला थंडगार गाडी देऊ नये, म्हणायचे. मी तेच केलं. गाडी द्यायची होती ना." त्यांनी पदराच्या टोकाने बॉनेट पुसलं, नेमकं थंडोबांच्या तळव्याच्या जागी. "आता नाही द्यायची. या तुम्ही. बाराला दुसरे येतायत."

घाईने बाबांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते थंडोबांना नीट कळलं. सोमवार होता त्यात. माफी मागा, बाबा, एवढंच ती न बोलता म्हणत होती. आणि थंडोबांना माफी मागता येत नसे. उभ्या जन्मात त्यांनी फार तर "बरं" म्हटलं होतं.

ते फाटकाकडे निघालेही. आणि जाता जाता, सवयीने, त्यांची नजर गाडीच्या मागे गेली.

गाडी शेडमध्ये पाठ भिंतीला करून उभी होती. भिंतीवर, गाडीच्या दोन जाडजूड एक्झॉस्टच्या समोर, दोन डाग होते. थंडोबा थबकले.

"बाई, एक विचारू? गाडी नेहमी इथेच उभी असते?"

"सोळा वर्षं."

"अशीच? मागचं तोंड भिंतीकडे?"

"पहाटे सरळ बाहेर काढता यावी म्हणून. का?"

"आणि भिंत कधी रंगवली?"

बाई वैतागल्या. "गाडी आणली त्या वर्षी. ह्यांनी स्वतः. तुम्हाला भिंत विकत घ्यायची आहे का आता?"

थंडोबा मात्र गुडघ्यांवर बसले होते. एकोणसत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर बसणं ही साधी गोष्ट नव्हे; घाई आधार द्यायला धावली, तर त्यांनी तिला हातानेच थांबवलं. सोळा वर्षांच्या सगळ्या पहाटा त्या भिंतीवर होत्या. गाडी रात्रभर गार पडून सुरू होताना पहिला धूर सोडते, तो रोज याच जागी लागलेला. इंजिन आजारी असतं तर इथे तेलकट, चिकट थर असता, काळे ओघळ खाली उतरले असते, एक डाग मोठा आणि एक लहान असता. इथे दोन फिकट राखाडी वर्तुळं होती, जेवायच्या ताटाएवढी, दोन्ही एकसारखी. थंडोबांनी बोट फिरवलं. कोरडी, पावडरीसारखी काजळी. त्यांनी बोट नाकाशी नेलं. तेलाचा वास नाही, कच्च्या डिझेलचा नाही. खाली कोपऱ्यातली, अगदी अलीकडची काजळीसुद्धा तेवढीच कोरडी.

आजवर ते इंजिनाची एक सकाळ ऐकायला जात होते. इथे हजारो मांडून ठेवल्या होत्या.

"बाबा?" घाई कुजबुजली. "काय?"

उत्तर द्यायच्या आधी फाटकावर हॉर्न वाजला. बाराचं गिऱ्हाईक वेळेआधीच आलं होतं; गाडीतून उतरला तो जुन्या गाड्यांचा दलाल. डोळ्यांवर सदा काळा चष्मा, म्हणून सगळ्या बाजारात त्याचं नाव गॉगल. वीस वर्षं तो थंडोबांना ओळखत होता, आणि त्यांना गरम बॉनेटवरून माघारी फिरताना त्याने निदान दहा वेळा पाहिलं होतं. त्यातल्या चार वेळा गाडी त्याचीच होती.

"अरे वा, थंडोबा! आणि जमिनीवर? पडलात की काय?" त्याने चालता चालता बॉनेटवर हात टाकला आणि दात दाखवले. "आई गं, चटका बसला! म्हणजे तुम्ही नाही म्हणालात. झालं! ज्या गाडीला थंडोबा नाही म्हणाले तिला बाजारात कोण घेणार? बाई, कालचा फोनवरचा आकडा विसरा. आता वेगळं बोलावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी थंडोबांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं. एकटा पडलेला माणूस जसा बघतो, तसं.

आणि इथे थंडोबांच्या मनात जे येऊन गेलं, ते नाही आलं असं म्हणणं खोटं ठरेल. नुसतं गप्प बसायचं. मान हलवून "गरम आहे" एवढंच म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. गॉगल भाव पाडेल, बाई चिडून त्याला हाकलतील, आणि निळी गाडी अलगद घाईच्या पदरात पडेल. खरं बोललो तर गॉगल दुप्पट जोर करेल, आणि त्याच्यापुढे आपला टिकाव कसला? सोमवार घाईच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता. तीही बाबांकडेच बघत होती.

थंडोबा भिंतीचा आधार घेऊन उठले. गुडघा कटकन वाजला.

"मी नाही म्हणालो नाही," ते म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे. बाईंनी गरम केली, कारण गाडी द्यायची तर गरम करून द्यावी अशी त्यांच्या घरची रीत आहे. माझ्या टाळक्यात ते शिरलं नाही. मी त्यांना खोटं पाडलं. चूक माझी." त्यांनी काजळीने भरलेलं बोट वर केलं. "आणि गॉगल, कालचा आकडा कमी होता. दोन लाख सत्त्याऐंशी हजार चाललेलं असं इंजिन मी जन्मात चार वेळा पाहिलं असेल. वाढव."

घाईने डोळे मिटून घेतले.

गॉगलने पहिल्यांदाच चष्मा काढला. त्याचे डोळे बारीक आणि अगदी साधे निघाले. "तुम्ही कुणाच्या बाजूने आहात हो?"

"भिंतीच्या," थंडोबा म्हणाले.

गॉगल धंद्याचा पक्का. त्याने लगेच नवा आकडा सांगितला, आणि तो घाईच्या आवाक्याबाहेर होता. आता फाटकाकडे निघायची पाळी तिची होती. ती निघालीही, दोन-दोन पावलं एकदम टाकत.

"ए मुली," बाईंनी हाक मारली. "थांब जरा. तू घेतलीस तर काय करशील तिचं?"

"चालवेन," घाई मागे न बघताच म्हणाली. "रोज जाऊन-येऊन चारशे वीस. पहाटे निघायचं. औषध पोहोचवते मी. उशीर झाला की यादीतला शेवटचा माणूस उपाशी परत जातो."

"आणि तुम्ही?" बाईंनी गॉगलला विचारलं.

"धुऊन-पुसून ओळीत उभी करेन. चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत."

"कुठे?"

"माझ्या पटांगणात. उन्हात, पण कव्हर घालून, काळजी नको."

गच्चीवरची गादी झोडपून झाली होती. बाई आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. किल्लीला पितळेचा छोटा पूल अडकवलेला होता.

"सहा महिने ती उभी आहे," त्या म्हणाल्या. "मी आठवड्यातून दोनदा पहाटे नुसती सुरू करते आणि इथेच चहा घेते. आणखी उभी राहिलेली मला बघवणार नाही." मग थंडोबांकडे वळल्या. "आकडा काल फोनवर हिला सांगितला तोच. पण एक अट आहे. तुमची असते ना अट? तशी माझी. पहाटे ती आधी गरम करायची. मग हिला द्यायची."

"उभ्या उभ्या दहा मिनिटं गरम करणं हे शास्त्राला धरून नाही," थंडोबा सवयीने म्हणाले. घाईने त्यांच्या पायावर पाय दिला. "बरं," ते म्हणाले.

"मी आधी आलो असतो तर!" गॉगल चष्मा पुन्हा चढवत पुटपुटला आणि निघून गेला. जाताना त्याने भिंतीकडे दोनदा वळून बघितलं. तो हा धडा विसरणार नव्हता.

सोमवारी पहाटे साडेचारला थंडोबा एकटेच खाली उतरले. घराच्या मागे, नव्या जागी, निळी गाडी पाठ भिंतीला करून उभी होती. खरी परीक्षा अजून बाकी होती, आणि भिंत काहीही म्हणो, चाळीस वर्षांची धाकधूक अशी एका डागाने जात नाही. त्यांनी तळवा बॉनेटवर ठेवला. बर्फासारखं गार. आत बसून किल्ली अर्धी फिरवली. समोर पिवळा दिवा लागला, इंजिन आतून तापतंय असं सांगणारा. तो विझेपर्यंत ते थांबले. वर खिडकीत उजेड झाला होता. घाई उठली होती.

किल्ली पूर्ण फिरवली.

पहिल्या क्षणी गाडी लंगडली. एक सिलिंडर मुका. मागची गाडी, घाट, घाईने सांगितलेला लिफ्टपाशीचा म्हातारा, सगळं एकदम थंडोबांच्या डोळ्यांपुढे आलं. एक, दोन, तीन... आणि सहावा गडी उशिरा उठून ओळीत येऊन उभा राहिला. आवाज सपाट झाला. जाड, खोल, शांत. "तापवायचा एक प्लग गेलाय," थंडोबा स्वतःशीच म्हणाले, "रविवारी बदलू," आणि तेव्हा कुठे त्यांनी पाठ सीटला टेकवली.

दहा मिनिटांनी घाई दोन-दोन पायऱ्या उतरत आली. गाडीशी पोहोचली, थांबली, आणि बाबांकडे न बघता तिने उजवा तळवा बॉनेटवर टेकवला. डोळे मिटले.

"गरम आहे," ती म्हणाली. "ही गाडी मी घेणार नाही."

"निघ, उशीर होतोय!" थंडोबा ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा.

ती हसत आत बसली. लाल दिवे वळणापलीकडे गेले, सहा सिलिंडरचा आवाज विरत विरत नाहीसा झाला. थंडोबांनी टॉर्च घेतला आणि मागची भिंत नीट बघितली, खालपासून वरपर्यंत. अजून तिथे काहीच उमटलं नव्हतं.